ट्युलिप नको, चर दाखवा : परदेश अभ्यास दौरे आखणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
शेतकऱ्यांचे परदेश अभ्यास दौरे मंजूर करणारे अधिकारी, त्यासाठी नावे पाठवणारे सहकारी संस्थांचे संचालक आणि दौरे नेणाऱ्या सहल कंपन्यांचे चालक यांस,

स.न.वि.वि.

आमच्या गावच्या सोसायटीत नव्या दौऱ्याचे पत्रक लागले आहे. वर मोठ्या अक्षरात 'शाश्वत शेती अभ्यास दौरा'. खाली नेदरलँड्स, जर्मनी, स्वित्झर्लंड. मार्चअखेर निघायचे आणि आठवड्याभरात परत. फोटो आहेत ट्युलिपच्या ताटव्यांचे आणि बर्फाच्या डोंगरांचे. अशाच एका दौऱ्याला मी जाऊन आले आहे. आल्यावर काय चुकले ते लेखी दिले होते, त्याची पोच माझ्याकडे आहे. नव्या पत्रकात त्यातले काहीच बदललेले दिसत नाही, म्हणून आता जाहीरपणे लिहिते आहे. मला कोणी नेले त्या संस्थेचे नाव लिहीत नाही. इतर तालुक्यांतून, इतर संस्थांबरोबर गेलेल्या माणसांशी बोलले, तर सगळ्यांचे रडगाणे एकच निघाले. प्रश्न एका संस्थेचा नाही.

मी शिरोळ तालुक्यातली. माझ्या नावावर थोडी काळी जमीन आहे, ऊस आणि भाजीपाला करते. आमच्या भागात पाणी मुबलक, आणि त्या पाण्यानेच घात केला. वर्षानुवर्षे पाट भरून पाणी दिले, निचरा झाला नाही, खालचे क्षार वर आले. उन्हाळ्यात माझ्या खालच्या पट्टीत पांढरा थर धरतो, पाऊल टेकले की पिठासारखा उडतो. तिथल्या उसाची कांडी आखूड पडते, उतारा निम्म्यावर येतो. शिरोळच्या दत्त साखर कारखान्याने जमिनीखाली सच्छिद्र पाईप घालून क्षारपड जमीन सुधारण्याचे मोठे काम केले आहे, ते पाहून आमच्या शिवारातही पाईप पडले. पण पाईपचे पाणी ज्या ओढ्यात सोडायचे तो ओढाच गाळाने आणि झुडपांनी भरलेला. तो कुणी साफ करायचा यावर वरचे खालच्याकडे बोट दाखवतात, खालचे वरच्याकडे. दौऱ्याला जाताना माझ्या मनात हा एकच प्रश्न होता. नेदरलँड्स हा देश चौथाई समुद्रसपाटीच्या खाली आहे, तिथले शेतकरी आपले चर कसे राखतात?

बाहेर जाऊन पाहण्याचे मोल कोल्हापूरला कुणी सांगायला नको. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले, आणि पुढच्या काही वर्षांत राधानगरीच्या धरणाचे काम त्यांनी हाती घेतले. दौरे बंद करा असे म्हणायला मी हे पत्र लिहीत नाही. दौरे हवेत. पण ते शेतकऱ्याचे हवेत.

पहिली तक्रार वेळेची. आम्हाला नेले ते फेब्रुवारीच्या अखेरीस. तिकडे तेव्हा उघड्या रानात काही उभे नसते. बटाटा गोदामात, कांद्याची पेरणी व्हायची, गाई गोठ्यात. मार्चअखेर गेले तरी चित्र फारसे बदलत नाही, फुलबागा तेवढ्या उघडतात. दौऱ्याची तारीख ठरते ती मार्चअखेर निधी खर्ची पडावा म्हणून, असे आम्हाला तिथल्या तिथे सांगण्यात आले, आणि सांगणाऱ्याला त्यात काही वावगेही वाटले नाही. सेंद्रिय शेतातले मिश्र पट्टे, जमिनीवरचे आच्छादन, फेरपालट हे सगळे पाहायचे तर मे ते सप्टेंबर. त्यातले जून, जुलै, ऑगस्ट आम्हाला घर सोडता येत नाही. भाताची रोपलावण असते, आडसाली उसाची लागण असते, आणि पंचगंगेचे पाणी इशारा पातळीकडे निघाले की २०१९ आणि २०२१ चे महापूर आठवतात. राहिला मेचा उत्तरार्ध किंवा गणपती झाल्यावरचा सप्टेंबर. सप्टेंबरात तिकडे बटाट्याची काढणी चालू असते, इकडे भात पोटरीत असतो. एवढे साधे गणित मांडायला कृषी पदवी लागत नाही.

दुसरी तक्रार प्रवासाची. आठवड्याभरात तीन देश म्हणजे किती वेळ बसमध्ये, ते पत्रकात लिहिलेले नसते. आम्स्टरडॅमपासून झुरिक रस्त्याने ८०० किलोमीटरच्या आसपास आहे. तिकडे बसचालकाला साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास थांबावेच लागते, आणि दिवसाला साधारण नऊ तासांच्या वर चालवता येत नाही. कायदा आहे आणि चांगला आहे. पण दौरा आखणाऱ्याने तो धरलाच नव्हता. म्हणून एका दुपारी ठरलेली शेतभेट रद्द झाली, कारण चालकाचे तास संपत आले होते. चॉकलेटच्या दुकानातला थांबा मात्र रद्द झाला नाही.

तिसऱ्या तक्रारीवर मी जरा थांबणार आहे. माझे सगळ्यात मोठे नुकसान तिथे झाले.

नेदरलँड्समधल्या फ्लेवोलांड नावाच्या प्रांतात आम्हाला एका शेतावर नेले. तो प्रांतच पाण्यातून बाहेर काढलेला. पूर्वेकडचा भाग १९५७ साली कोरडा झाला, दक्षिणेकडचा १९६८ साली. शेतकरी साठीचा असेल. वारा अंग कापत होता. तो आम्हाला घराकडे न नेता थेट शेताच्या कडेच्या चराशी घेऊन गेला. बुटाने वाळके गवत बाजूला केले, आणि काठातून बाहेर आलेले पाईपचे तोंड दिसले. त्यातून बारीक धारेने स्वच्छ पाणी चरात पडत होते. थंडीत निचरा चालू असतो, म्हणजे पीक नसले तरी मला हवे ते बघायला तोच काळ बरोबर होता. हे दौरा आखणाऱ्यांना ठाऊक असते, तर आम्ही तिथेच अर्धा दिवस काढला असता.

त्या माणसाने मांडीजवळ हात धरून खोली सांगितली. मग चराच्या काठाने चालत दोन पाईपांमधले अंतर पावलांनी मोजून दाखवले. पुढे एका गोल खड्ड्याचे झाकण उघडले. आत कोपऱ्यासारखा वाकवलेला नळ होता, तो त्याने एकदा उभा केला, एकदा आडवा केला, आणि प्रत्येक वेळी आतल्या पाण्याकडे बोट दाखवून बराच वेळ बोलला. आम्ही सगळे आमच्याबरोबर दिलेल्या दुभाष्या मुलाकडे बघत होतो. तो हिंदीत म्हणाला, "पानी निकालने का पाइप है. चलिए, फोटो ले लीजिए."

आमच्यातल्या निम्म्यांना हिंदीसुद्धा बेताची. आणि त्या मुलाचा तरी काय दोष, त्याने शेत कधी पाहिलेले नव्हते. परत आल्यावर एका जाणकाराला फोटो दाखवला तेव्हा मला कळले की तो नळ उभा केला की निचऱ्याचे पाणी जमिनीतच अडते आणि आडवा केला की वाहून जाते. पावसाळी दिवसांत काढायचे, कोरड्या दिवसांत राखायचे. आमच्या शिवाराला असेच काही हवे आहे. ते माझ्यापासून दोन हातांवर होते, दाखवणारा जीव तोडून दाखवत होता, आणि मी हातात फोटो घेऊन परत आले.

ओढा कुणी साफ करायचा, या माझ्या प्रश्नाचे उत्तरही तिकडे आहे. नेदरलँड्समध्ये पाणी मंडळे आहेत, आज २१. ही पद्धत तेराव्या शतकापासून चालत आलेली. मंडळाची निवडणूक होते, मंडळ स्वतःचा कर गोळा करते, मोठे कालवे आणि पंप सांभाळते. शेताकडेचा चर साफ ठेवणे जमीनमालकाचे काम, आणि ते झाले की नाही हे मंडळाची माणसे येऊन बघतात. साखर कारखाने, दूध संघ, पाणीपुरवठा संस्था सहकारातून उभ्या केलेल्या कोल्हापूर जिल्ह्याला हे समजायला किती वेळ लागला असता? त्या मंडळाच्या कचेरीत एक सकाळ घालवली असती तर माझा दौरा सार्थकी लागला असता. यातले काहीच आम्हाला तिथे कुणी सांगितले नाही. मी ते घरी येऊन, मुलाला शेजारी बसवून वाचून घेतले.

आता व्हिसाचे. पत्रकात एक ओळ असते, 'व्हिसासाठी आवश्यक कागदपत्रे अर्जदाराने द्यावीत'. त्या एका ओळीत किती हेलपाटे आहेत ते लिहिणाऱ्याने एकदा स्वतः घालून पाहावेत. आयकर विवरणपत्र मागतात. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे आमच्यातल्या बहुतेकांनी विवरणपत्र कधी भरलेलेच नाही. बँकेचा उतारा मागतात. उसाचे बिल येते, त्यातून आधी सोसायटीचे पीककर्ज वळते होते, उरलेले खात्यावर. तेही हंगामात. पावसाळ्यातल्या महिन्यांचा उतारा काढला तर खाते रिकामेच दिसणार. परदेशी कचेरीत बसलेल्या माणसाला हे कसे कळावे? सातबारा आणि आठ-अ मराठीत, त्यांचे इंग्रजी भाषांतर करून द्यायचे. मग बोटांचे ठसे द्यायला कोल्हापूर सोडून मोठ्या शहरात जायचे. पाचटात, भांगलणीत झिजलेल्या बोटांचे ठसे मशीन एका दमात घेत नाही, आमच्यातल्या एका मावशींना पुन्हा पुन्हा बोट टेकवायला लागले. अर्जाची फी जून २०२४ पासून ९० युरो आहे, वर व्हिसा अर्ज केंद्राचे शुल्क वेगळे, आणि व्हिसा नाकारला तर ती फी परत मिळत नाही. शिवाय किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस धरतात, पण ते ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतात. तुमची निवड यादी लागते प्रवासाच्या तोंडावर. मग ज्यांची कागदपत्रे तयार असतात तेच जातात. म्हणजे ज्यांचा शेतीबरोबर दुसरा धंदा आहे, विवरणपत्र भरलेले आहे, ते. आमच्या बसमध्ये किती जणांच्या हाताला माती लागत होती, हे मी इथे लिहीत नाही, तुम्हाला ते ठाऊक आहे.

गोठ्याची गोष्ट फार गंभीर आहे, आणि ती तुम्ही अगदी हलक्यात घेतली. आपल्याकडे लाळ्या-खुरकूत आहे. जनावरांना लस टोचतो आणि पुढे चालतो. तिकडे तो रोग शिरला तर कळपच्या कळप मारावे लागतात, नेदरलँड्सने ते २००१ साली भोगले आहे. जानेवारी २०२५ मध्ये जर्मनीत १९८८ नंतर पहिल्यांदा तो सापडला तेव्हा शेजारचे देशही हादरले. अशा ठिकाणी आम्ही निघायच्या आदल्या दिवशी ज्या चपला घालून धारा काढल्या त्याच चपला घालून गेलो, कारण आम्हाला कुणी सांगितलेच नाही. गोठ्याच्या फाटकावर तिथल्या बाईने विचारले, तुमच्याकडे जनावरे आहेत का, शेवटचे गोठ्यात कधी गेला होता? आम्ही खरे सांगितले आणि तिने नम्रपणे आम्हाला बाहेरच थांबवले. तिचे बरोबर होते. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केले असते. ऑस्ट्रेलियात तर देशात शिरतानाच कार्डावर लिहून द्यावे लागते की गेल्या ३० दिवसांत शेतावर किंवा जनावरांच्या संपर्कात होता का. शेतकऱ्यांच्या दौऱ्यात हे आधी सांगणे, स्वच्छ बूट, बदलायचे कपडे, आपला गोठा आणि तिकडची भेट यांच्या मधे ठेवायचे दिवस, ही सगळ्यात पहिली तयारी असायला हवी.

तीच गत पिशवीची. युरोपात प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे पेढे, खव्याच्या वड्या, तूप सगळे विमानतळावर टाकून द्यायचे. बहुतेक फळे, भाजी, बियाणे यांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. परत येताना तिकडचे बियाणे किंवा माती खिशात घालून आणणे आपल्या २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशात बसत नाही. एका बैठकीत सांगता येण्यासारख्या गोष्टी आहेत या. ती बैठक झालीच नाही.

जिथे जातो त्या शेतकऱ्यांचाही विचार करा. ती चालती शेते आहेत, प्रदर्शन नाही. बसभर माणसे एकदम उतरली, वीस मिनिटांत फोटो काढले आणि निघून गेली, तर त्याने त्याच्या कामातून वेळ का काढावा? आमच्या गुऱ्हाळावर हंगामात अशी बस आली तर चुलवाण सोडून गुळव्या बोलायला येईल का? त्याच्या वेळेचे पैसे द्या, आमचे प्रश्न त्याला आधी पाठवा.

आणि तिकडची फक्त उजळ बाजू दाखवू नका. काचेची हरितगृहे आम्हाला दाखवली. ती तापवायला लागणारा गॅस २०२२ मध्ये महागला तेव्हा तिथले उत्पादक कसे अडचणीत आले हे नाही सांगितले. मे २०१९ मध्ये तिथल्या न्यायालयाने नायट्रोजनच्या प्रदूषणावर निकाल दिला आणि ऑक्टोबरात शेतकरी निषेधाला ट्रॅक्टर घेऊन हेगमध्ये, त्यांच्या सरकारच्या दारात, शिरले. जनावरे फार, शेण फार, आणि त्याचा भार माती-पाण्यावर, हा त्यांचा प्रश्न आहे. दूध संघांच्या जोरावर जनावरे वाढवणाऱ्या आमच्या जिल्ह्याने तो ऐकायला नको होता का?

खर्चाबद्दल थोडक्यात. सरकारी योजनेत निम्म्या खर्चापर्यंत अनुदान असते, पण आमच्या दौऱ्यात सगळे पैसे आधी भरायचे होते आणि अनुदान मागून यायचे होते. लहान शेतकरी इथेच गळतो. बायका तर त्याआधीच गळतात, कारण सातबारा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर. खुरपणी, भांगलण, धारा, भाजीचा बाजार सगळे तिच्याकडे, आणि 'शेतकरी' म्हणून नाव त्याचे.

आल्यावर अहवाल लिहायला लावतात. तो कुठे जातो, कोण वाचतो, कुणालाच माहीत नाही. मी माझा मागितला, तर फाईल सापडत नाही असे उत्तर मिळाले.

आता मागण्या.

तीन देश रद्द करा, एक देश ठेवा. दौऱ्याला एक विषय ठरवा. क्षारपड आणि निचरा, किंवा सेंद्रिय भाजीपाला, किंवा गोठा आणि शेणखत. त्या विषयाच्या शेतकऱ्यांनाच न्या आणि त्यांचे प्रश्न आधी लेखी घ्या. दिवसाला एकच शेत, निदान अर्धा दिवस. गट लहान ठेवा. निचऱ्याच्या दौऱ्यात पाणी मंडळाची कचेरी आणि लेलिस्टाडचे 'भविष्यातील शेत', जिथे वाखेनिंगेन विद्यापीठाचे लोक पट्टा पद्धतीचे, म्हणजे शेजारशेजारच्या पट्ट्यांत वेगवेगळी पिके घेण्याचे, प्रयोग करतात, ही दोन ठिकाणे हवीतच.

मराठीत सांगणारा आणि शेती कळणारा दुभाषी द्या. राहुरीच्या विद्यापीठाला विचारा, आमच्या कोल्हापूरच्या कृषी महाविद्यालयाला विचारा. एक चांगला माणूस बरोबर असला तर बाकीच्या निम्म्या अडचणी वाटेतच सुटतील.

दौऱ्याची तारीख आणि निवड यादी प्रवासाच्या सहा महिने आधी जाहीर करा. कागदपत्रांसाठी कोल्हापुरात शिबिर घ्या. विवरणपत्र नसलेल्यांना कारखान्याचा ऊस बिलाचा दाखला, सोसायटीचे पत्र आणि सातबाराचे इंग्रजी भाषांतर एकत्र तयार करून द्या, आणि शेतीचे उत्पन्न करमुक्त का असते हे सांगणारे अधिकृत पत्र अर्जाला जोडा. अनुदानाची रक्कम थेट दौऱ्याच्या खर्चातून वजा करा, आम्हाला आपला वाटा तेवढा भरू द्या.

निघण्याआधी एक पूर्ण दिवस तयारीची बैठक घ्या. पशुवैद्यकाला बोलवा, रोगराईचे आणि पिशवीचे नियम मराठीत छापून हातात द्या. कसणाऱ्या बाईला सातबारा नसला तरी ग्रामसभेच्या दाखल्यावर निवडा आणि निम्म्या जागा बायकांना द्या. परतल्यावर प्रत्येकाचा अहवाल जाहीर करा, आणि सहा महिन्यांनी प्रत्येक गावात एक बैठक लावा, गेलेल्याने काय करून पाहिले ते इतरांसमोर सांगायला.

मार्चअखेरचा दौरा या रूपात थांबवा. तो सप्टेंबरवर न्या, किंवा निचऱ्यासाठी हिवाळ्यातच न्यायचा असेल तर तसे ठरवून, त्यासाठीच न्या. निधी परत जाईल हे कारण सांगू नका. तो पुढच्या वर्षात नेण्याची मंजुरी मागणे तुमचे काम आहे.

यातल्या कोणत्या मागण्या मान्य, कोणत्या नाहीत आणि का नाहीत, हे अर्जाची मुदत संपायच्या आत आम्हाला लेखी कळवा.

आपली,
एक ऊस आणि भाजीपाला उत्पादक शेतकरी,
शिरोळ तालुका, जिल्हा कोल्हापूर